पूर्वजांचे ताट आणि पूर्वजांचे कष्ट

आहाराविषयी बोलणे निघाले म्हणजे ‘आपले पूर्वज काय खात होते?’ हा प्रश्न आजकाल हटकून ऐकू येतो. पाश्चात्त्य देशांत तर या प्रश्नाभोवती एक संप्रदायच उभा राहिला आहे. १९८५ साली बॉइड ईटन व मेल्विन कॉनर या दोन अमेरिकन विद्वानांनी एका वैद्यकीय नियतकालिकात असा विचार मांडला की, मनुष्याचे शरीर हे शेतीपूर्व काळात शिकार करणाऱ्या व कंदमुळे गोळा करणाऱ्या माणसाच्या राहणीस अनुरूप घडलेले आहे. आणि त्या राहणीपासून आपण दूर गेलो, यातच आजच्या कित्येक विकारांचे मूळ आहे. या विचाराचा विस्तार होऊन पुढे ‘पेलिओ’ नावाचा आहार निघाला. त्यात धान्य, कडधान्य आणि दूध ही तिन्ही वर्ज्य. व्यायामाच्या प्रांतातही २००० सालाच्या सुमारास अमेरिकेत ‘क्रॉसफिट’ ही पद्धती निघाली. एकाच यंत्रावर एकच हालचाल करीत बसण्यापेक्षा उचलणे, ओढणे, चढणे, उडी मारणे, धावणे अशा नित्याच्या कामास उपयोगी पडणाऱ्या हालचाली आलटूनपालटून कराव्यात, असे ती सांगते. हे दोन्ही वारे आता आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत, आणि सभासद कुटुंबांतील तरुण मंडळी त्यासंबंधी विचारणा करू लागली आहेत. त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी प्रस्तुत पाठ योजिला आहे.

पहिला प्रश्न असा की, पूर्वज म्हणजे कोणते? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तेथे नांदत असलेली शेतकऱ्यांची वसाहत त्यातून उजेडात आली. त्यांच्या कणग्यांत व चुलींपाशी जव, गहू, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे सापडले. म्हणजे दख्खनच्या भूमीवर धान्य आणि डाळ एकत्र खाण्याचा रिवाज निदान तीन सहस्र वर्षांचा आहे. ज्याला धान्य सोडून पूर्वजांचे अनुकरण करावयाचे असेल, त्याला आपले सगळे ज्ञात पूर्वज ओलांडून पलीकडे जावे लागेल! आम्हांस तसे करण्याचे काही कारण दिसत नाही. आपल्या आजी-पणजीचे ताट पुरेसे जुने आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, पुरेसे शहाणेही आहे.

इच्छापूर हे तापीच्या खोऱ्यातील गाव. पाठीशी सातपुडा, समोर काळी जमीन, आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर खानदेश. राज्याची सीमा मध्ये आली तरी चुलीची सीमा कधी आली नाही. या टापूत पूर्वी मुख्य अन्न ज्वारीचे होते. त्यातही रब्बीची दादर विशेष मानाची. हिवाळ्यात कळण्याची भाकरी होत असे. नव्या पिढीतील ज्या मुलींनी कळणा दळलेला पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारीच्या तीन-चार भागांस सालीसकट अख्ख्या उडदाचा एक भाग व थोडे मीठ घालून हे धान्य एकत्र दळीत. घरोघरचे प्रमाण निराळे असे. या भाकरीबरोबर वांग्याचे भरीत, कच्चा कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि वाटीभर ताक किंवा दही. पावसाळ्यात आंबाडी, तांदुळजा, घोळ या पालेभाज्या, शेवगा घरोघरी, तुरीचे वरण रोजचे.

या कळण्यात जे मर्म आहे ते आहारशास्त्राने फार उशिरा शब्दांत मांडले. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक आवश्यक घटक कमी असतो; डाळींत तो भरपूर असतो. डाळींत मिथिओनिन कमी; ते धान्यात असते. दोन्ही एकत्र खाल्ले असता एकाची उणीव दुसरे भरून काढते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, तर उडदात सुमारे २२. चार भाग ज्वारी व एक भाग उडीद घेतल्यास शंभर ग्रॅम पिठात प्रथिने १२ ग्रॅमच्या वर जातात, आणि तीही अधिक चांगल्या प्रतीची. ज्या बाईने हे प्रमाण प्रथम ठरविले तिला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. तिला ठाऊक होते ते एवढेच की, ही भाकरी खाऊन शेतावर गेलेला माणूस दुपारपर्यंत भुकेने व्याकूळ होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे वाटते. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारी-बाजरीची स्तुती अतोनात चालली आहे. ज्वारी म्हणजे औषध व गहू म्हणजे विष, असे सांगणारेही भेटतात. हे खरे नव्हे. तंतूंच्या बाबतीत ज्वारी आणि कोंड्यासकट दळलेला गहू जवळजवळ सारखेच आहेत. दोहोंत शंभर ग्रॅममागे दहा-अकरा ग्रॅम तंतू असतात. खरा फरक आहे तो मैद्याशी आणि पांढऱ्या सडलेल्या तांदळाशी. त्यांत तंतू तीन ग्रॅमदेखील भरत नाहीत. तेव्हा ज्या घरी गव्हाची पोळी होते त्या घरी काही अनर्थ ओढवत नाही. मात्र चाळणीतून काढलेला कोंडा गुरांपुढे जाऊ नये. ज्या घरी सकाळी बिस्किटे, दुपारी पांढरा भात आणि संध्याकाळी मैद्याचा नाश्ता असा क्रम चालतो, त्या घराने काळजी करावी.

आपल्या ताटाची परीक्षा एकदा मोठ्या चमत्कारिक रीतीने झालेली आहे. १९२० च्या दशकात निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे ब्रिटिश वैद्य आहारावर संशोधन करीत असत. त्यांचीच संस्था पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांच्या निरनिराळ्या गटांस देऊन त्यांची वाढ व प्रकृती पाहिली. पहिला क्रमांक शिखांच्या आहाराचा लागला: कोंड्यासकट गव्हाची रोटी, दूध, लोणी, डाळ आणि ताजी भाजी. दुसरा पठाणांचा, आणि तिसरा मराठ्यांचा. सडलेल्या तांदळावर भर असलेले व दूध-भाजी कमी असलेले आहार तळाशी राहिले. उंदरांवरून माणसांविषयी सगळे काही ठरत नाही हे खरे. पण ज्या तीन गोष्टींनी वरचे क्रमांक दिले, म्हणजे न सडलेले धान्य, दूध आणि ताजी भाजी, त्या शंभर वर्षांनंतरही कोणी खोडून काढलेल्या नाहीत. शाकाहारी कुटुंबांनी दूध-दह्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहाऱ्यांच्या नित्याच्या जेवणात ते दूध, दही, ताक यांतूनच येते.

आता उपवासाविषयी दोन शब्द. मंदिराच्या पत्रिकेत ते टाळून चालणार नाही. एकादशीच्या फराळाचे आपले प्रसिद्ध ताट पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तेथलाच. शेंगदाणा तेथलाच, हिरवी मिरचीही त्याच खंडांतून आली आणि रताळेही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज या देशात आले नसते, तर आपल्या ‘प्राचीन’ उपवासाच्या ताटात काय उरले असते? दूध, फळे, वरई आणि शिंगाडा! हे आम्ही थट्टेने सांगत आहोत खरे, परंतु त्यात एक उपयुक्त विचार आहे. पूर्वज हटवादी नव्हते. नवा जिन्नस चांगला दिसला तर त्यांनी तो घेतला. स्वतः ज्वारीदेखील अत्यंत प्राचीन काळी आफ्रिकेतून येथे आली. म्हणून ‘हे आपले, ते परके’ हा निकष आहारात लावू नये. निकष एवढाच की, पदार्थ पोटात जाऊन काय करतो. साबुदाणा बहुतेक निव्वळ पिष्ट आहे. त्यात प्रथिने नाममात्र व तंतूही नाममात्र. तुपात परतलेली त्याची थाळीभर खिचडी म्हणजे उपवास नव्हे, ते दुप्पट जेवण होय. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तरी एकादशीस वरईची लहान वाटी, दही, काकडी व मूठभर शेंगदाणे यांवर भागवावे. आणि औषध चालू असता मुळीच न खाता राहावयाचे असेल तर वैद्यास विचारल्यावाचून राहू नये.

येथवर ताटाची गोष्ट झाली. परंतु ताट ही अर्धीच गोष्ट आहे, आणि आमच्या मते दुसऱ्या अर्ध्याचा विसर पडल्यामुळेच आज घोटाळा झाला आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली माणसाच्या गरजांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले त्यातील दोन आकडे पाहावेत. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषास दिवसाकाठी सुमारे २११० कॅलरी पुरतात. अतिश्रमाचे काम करणाऱ्यास ३४७० लागतात. स्त्रियांसाठी हेच आकडे १६६० व २७२० असे आहेत. पुरुषांतला फरक १३६० कॅलरींचा. साठ-सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी सव्वादोनशे कॅलरींच्या आसपास धरली, तर हा फरक सहा भाकऱ्यांचा होतो. म्हणजे पणजोबांच्या ताटातून सहा भाकऱ्या, किंवा तितक्याच किमतीचे तेल-तूप, उचलून ठेवल्याखेरीज ते ताट दुकानाच्या गादीवर अथवा कचेरीच्या खुर्चीवर बसणाऱ्या पणतवाचे होऊच शकत नाही. आणि आपण केले काय? भाकऱ्या कमी केल्या हे खरे, परंतु त्यांच्या जागी शेवभाजीची तर्री, फरसाण, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि सणावारी असलेले गोड आता आठवड्यातून तीनदा, असा भरणा केला. बऱ्हाणपूरच्या माव्याच्या जिलेबीची आणि दराब्याची निंदा करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ते पदार्थ उत्तमच आहेत. पण ते यात्रेचे पदार्थ होते, रोजच्या रस्त्यावरचे नव्हते.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. याच परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा रोग आता केवळ शहरातील सुखवस्तूंचा राहिलेला नाही. आपल्या गल्लीत कोणाच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र आहे हे प्रत्येकाने मनातल्या मनात मोजून पाहावे.

ताट आणि कष्ट यांची जोडी पुन्हा जुळविली तर काय घडते, याचा एक दाखला ऑस्ट्रेलियातून मिळतो. तेथील वायव्य भागातील दहा मधुमेही आदिवासी शहरी राहणी सोडून सात आठवडे आपल्या पूर्वजांच्या रानात जाऊन राहिले. शिकार करावी, मासे धरावेत, कंद खणावेत आणि जे मिळेल ते खावे, असा क्रम. केरिन ओडी या विदुषींनी त्यांची तपासणी करून १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात आठवड्यांत वजन सरासरीने ८ किलो उतरले, आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा सुमारे २१० वरून १२० च्या खाली आली. हा गुण शिकारीच्या मांसाचा की चालण्याचा की कमी खाण्याचा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. आणि आम्हांस तर तेच महत्त्वाचे वाटते. ते लोक रानात गेले तेव्हा आहार व व्यायाम अशा दोन गोष्टी करीत नव्हते. अन्नासाठी हिंडणे हाच त्यांचा व्यायाम होता.

आपल्याकडेही तसेच होते. ‘व्यायाम’ हा शब्द मल्लांचा. शेतकऱ्यास तो लागत नसे. पाभर धरणे, मोटेवर बैल हाकणे, कडब्याच्या पेंढ्या गाडीवर फेकणे, कापसाचे गाठोडे पाठीवर घेणे, बांध घालणे, झाडावर चढणे. आणि घरात जाते, उखळ-मुसळ, विहिरीचे पाणी, सारवण, धुणे. यांतील प्रत्येक काम शरीराच्या निराळ्या भागास लागे. जाते ओढताना खांदा व पाठ, मुसळाने पोट व दंड, डोक्यावरची घागर मानेपासून पावलापर्यंत सगळा तोल सांभाळी, आणि सारवताना उकिडवे बसून मागे सरकणे ही मांड्यांची परीक्षाच. ऋतूप्रमाणे काम पालटे. एकच हालचाल बारा महिने करीत बसण्याचा प्रसंग शेतकऱ्यावर कधी येत नसे. आज ज्याला मोठ्या नावाने विविधांगी व्यायाम म्हणतात, तो हाच.

मात्र या वर्णनाने कोणी मोहून जाऊ नये. जात्यावरच्या ओव्या गोड होत्या. पहाटे तीन वाजता उठून जाते ओढणे गोड नव्हते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो योग्यच होता. त्या काळी दुष्काळ होते, देवी व प्लेग होता, बाळंतपणात माणसे दगावत. आणखी एक रीत होती, जी दुर्दैवाने अद्याप पुरती गेलेली नाही: घरातील स्त्रीने सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. पूर्वजांच्या आहाराचा गौरव करणाऱ्या घरात सुनेच्या ताटात शेवटी डाळीचे पाणी व भाजीचा रस्साच पडत असेल, तर त्या गौरवास काही अर्थ नाही. आमची सूचना अशी की, निदान रात्रीचे जेवण सर्वांनी एकाच वेळी व एकाच पंगतीत करावे. भाकरी व पालेभाजीवर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. आंबाडी स्वतःच आंबट, म्हणून तिची ज्वारीच्या भाकरीशी जोडी बसली असावी असे आम्हांस वाटते. आणि जेवणावर लगोलग चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही.

तर कष्ट गेले हे बरेच झाले. पण त्यांनी शरीराला जे दिले ते मिळविण्याची दुसरी वाट शोधली पाहिजे. ती वाटही आपल्या परंपरेत तयार आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्लखांबास नवा जन्म दिला, असे मानतात. लाकडाचा एक खांब, परंतु त्यावर पकड, तोल, लवचीकता व पाठीचा जोर सारे एकाच वेळी राबते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. तेथील पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, स्वतः अखेरपर्यंत घातले आणि आपल्या घरातील स्त्रियांसही घालावयास लावले. बडोद्याहून निघालेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांचा आहे. तो चाळला तर जोर, बैठका, मुद्गल, करेल, लेझीम, आट्यापाट्या, हुतूतू यांचा केवढा पसारा होता हे ध्यानात येते. यासाठी ना यंत्र लागते, ना मासिक वर्गणी.

मल्लांचा आहार मात्र घेताना जपावे. तालमीतला पैलवान शेरभर दूध, तूप आणि बदाम पचवितो, कारण तो हजारभर बैठका काढतो. तालीम सुटली आणि दूध-तूप तसेच राहिले म्हणजे काय होते, हे गावोगावच्या निवृत्त पैलवानांच्या घेराकडे पाहून कळते. सहा भाकऱ्यांचा हिशेब त्यांनाही चुकत नाही.

आता आपल्या घरांपुरते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे: प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. इच्छापूरकरांना यासाठी शोधाशोध करण्याचे कारण नाही. इच्छादेवीची टेकडी समोर उभी आहे. नवरात्राच्या यात्रेत ज्या पायऱ्या आपण वर्षातून एक-दोनदा चढतो, त्या आठवड्यातून तीन वेळा चढाव्यात. चढताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग ठेवावा. मध्यम श्रमाची ही सोपी खूण आहे. पहिल्या आठवड्यात अर्ध्यावरून परत आले तरी चालेल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. त्यांनी उतरताना कठड्याचा आधार घ्यावा अथवा सपाट रस्त्याने चालावे. छातीत दुखते, दम लागतो, भोवळ येते अशांनी आधी वैद्याकडे जावे, मग टेकडीकडे.

चालण्याचे बळ कोठवर जाते हे पाहावयाचे असेल तर आपल्या शेजारच्या मुक्ताईनगराकडे पाहावे. तेथून आषाढीसाठी निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी सुमारे महिनाभर पायी चालून पंढरपुरास पोहोचते, आणि तिच्याबरोबर साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी बाया-पुरुष असतात. त्यांतील पुष्कळांनी आयुष्यात व्यायामशाळा पाहिलेली नसते. मात्र ते वारीच्या दिवशी एकाएकी चालू लागत नाहीत; वर्षभर शेताचा रस्ता तुडवीत असतात.

उरलेल्या दिवसांत मुलांनी व तरुणांनी सूर्यनमस्कार घालावेत. बारांपासून आरंभ करून हळूहळू वाढवावेत. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या दोन हातांत घेऊन अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालणे, हा अत्यंत उत्तम व्यायाम आहे. त्याने मनगट, खांदा व कंबर तिन्ही सुधारतात. झाडाच्या फांदीस किंवा दाराच्या भक्कम आडव्या दांड्यास लोंबकळावे. मुलांना सूरपारंब्या, लगोरी, आट्यापाट्या, लंगडी खेळू द्यावी; हाताला खरचटले म्हणून घरात ओढून आणू नये. साठीच्या पुढील मंडळींनी खांबास धरून दहा वेळा खुर्चीवरून उठावे-बसावे, आणि एका पायावर उभे राहून तोल सांभाळण्याचा सराव करावा. म्हातारपणीचा शत्रू पडणे हा आहे. तोल व मांड्यांचे बळ राहिले तर तो दूर राहतो.

जमिनीवर बसून जेवण्याची आपली पद्धत या दृष्टीने मोलाची आहे. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून पुन्हा उठावयास सांगण्यात आले; हात-गुडघ्यांचा आधार किती घेतला यावरून गुण दिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, ज्यांना फार आधार लागला त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण पुढील काही वर्षांत पुष्कळ अधिक होते. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. आजारी माणसाला उठणे जड जाते हेही त्यात आलेच. पण दिवसातून दोनदा पाटावर बसणारा व हात न टेकता उठणारा माणूस स्वतःची ही परीक्षा रोज देत असतो. मंदिराच्या भंडाऱ्यात अलीकडे उभ्याने जेवण्याची अथवा टेबल-खुर्चीची सोय मागितली जाते. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती अवश्य असावी. धडधाकट माणसांनी पंगतीत मांडी घालून बसावे असे आमचे मत आहे.

भंडाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर स्वयंपाकाविषयीही लिहितो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी धान्यातून ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असे म्हटले आहे. तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे, आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत. पुरी, शिरा आणि बटाट्याची भाजी या तिन्ही पदार्थांत मिळून आपण हे सारे नियम एका जेवणात मोडतो. सणाच्या दिवशी ते मोडावेत. देवीच्या प्रसादाचा शिरा खाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण शिऱ्याची मूद लहान असावी, पुरीबरोबर ज्वारीची भाकरीही वाढावी, बटाट्याऐवजी वांगी-शेवगा किंवा आपल्या भागात मुबलक होणाऱ्या केळीचे केळफूल व कच्ची केळी यांची भाजी करावी, आणि वरण घट्ट असावे. आपला जिल्हा केळीसाठी ओळखला जातो, आणि आपल्याच पंगतीत केळफुलाची भाजी दिसू नये हे थोडे नवलाचेच आहे.

लोणचे, पापड व ठेचा घामाळलेल्या शेतकऱ्यास शोभत. त्याचे मीठ घामावाटे निघून जाई. पंख्याखाली बसणाऱ्याने ते चवीपुरतेच घ्यावे, रक्तदाब असणाऱ्याने त्याहून कमी.

कळणा घरी करून पाहावयाचा असल्यास ज्वारी व अख्खे उडीद निवडून कडक उन्हात एक दिवस वाळवावेत आणि गिरणीवाल्यास थोडे बारीक दळावयास सांगावे. मीठ दळतानाच न घालता भाकरीच्या वेळी बेताचे घातले तर घरातील रक्तदाबाच्या माणसालाही तीच भाकरी देता येते. उडदामुळे पीठ चिकट होते, म्हणून गरम पाण्यात मळून हात ओला करून थापावे. भाकरी ज्वारीच्या भाकरीपेक्षा जरा जाड ठेवावी आणि मंद विस्तवावर भाजावी. पीठ पंधरा दिवसांपुरतेच दळून आणावे. अधिक राहिल्यास त्यास वास येऊ लागतो.